पोलिसांच्या ‘थ्री नॉट थ्री’मागे एका घड्याळजीच्या पोराचं डोकं होतं

‘थ्री नॉट थ्री’ हे नाव महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. बँकेच्या दारात, कोर्टाच्या आवारात, निवडणुकीच्या बूथवर, तालुक्याच्या पोलीस ठाण्यात ही लाकडी दस्त्याची लांबलचक रायफल आपल्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिली आहे. २६/११ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात हीच जुनी रायफल होती, हेही सगळ्यांना आठवतं.

पण .३०३ हा झाला फक्त गोळीचा आकडा. रायफलीचं खरं नाव आहे ली-एनफिल्ड. यातलं एनफिल्ड म्हणजे लंडनजवळचा ब्रिटिश सरकारचा बंदुकीचा कारखाना. मग ‘ली’ म्हणजे कोण?

हा ली ब्रिटिश सैन्यातला जनरल नव्हता की मोठा कारखानदारही नव्हता. तो एका घड्याळजीचा मुलगा होता आणि स्वतःही घड्याळजीच होता. बंदुकीच्या नादात त्याने उमेदीची वर्षं घालवली. त्याचा पहिला मोठा सौदा मापाच्या वादात बुडाला. ज्या रायफलीमुळे त्याचं नाव जगभर गेलं, ती मात्र मापातली चूक शोधता येते आणि दुरुस्तही करता येते म्हणून शंभर वर्षं टिकली.

घड्याळाच्या दुकानातून बंदुकीकडे

जेम्स पॅरिस ली याचा जन्म ९ ऑगस्ट १८३१ रोजी स्कॉटलंडमधल्या हॉविक या गावी झाला. वडील जॉर्ज ली घड्याळं आणि दागिन्यांच्या धंद्यात होते. जेम्स पाच वर्षांचा असताना हे कुटुंब कॅनडाला गेलं आणि ओंटारिओतल्या गाल्ट या वस्तीत राहू लागलं. हे गाव आज केंब्रिज शहराचा भाग आहे.

बारा वर्षांचा असताना जेम्सने पहिली बंदूक बनवली. एका जुन्या पिस्तुलाची नळी मिळाली होती. तिला त्याने अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला आणि रंजक ठेवायची वाटी हाताने घडवली. ही बंदूक काही धड चालली नाही, पण पोराला नाद लागला तो लागलाच.

पुढे वडिलांच्या हाताखाली तो घड्याळाचं काम शिकला. १८५० मध्ये ओंटारिओतल्याच चॅटहॅम गावात त्याने स्वतःचं दुकान टाकलं. कॅरोलिन क्रिसलर हिच्याशी लग्न झालं, दोन मुलं झाली. १८५० च्या दशकाच्या अखेरीस हे कुटुंब अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या स्टीव्हन्स पॉइंट इथे गेलं.

घड्याळजीला एक सवय असते. दोन भागांमध्ये किती जागा सुटली आहे, हे तो सतत बघत असतो. दाते फार घट्ट बसले तर घड्याळ अडतं, फार सैल बसले तर वेळ चुकते. लीचं पुढचं सगळं आयुष्य अशाच एका फटीभोवती फिरलं. फरक इतकाच, की घड्याळातल्या फटीने वेळ चुकते आणि बंदुकीतल्या फटीने माणूस जखमी होतो.

ठासणीची बंदूक आणि मागून भरायची बंदूक

लीने नेमकं काय केलं हे समजायचं, तर त्याआधी बंदूक कशी होती ते बघावं लागेल. त्यासाठी आपल्याकडचंच उदाहरण घेऊ.

अकोले तालुक्यात राजूरच्या परिसरातलं देवगाव हे क्रांतिवीर राघोजी भांगरे यांचं गाव. इंग्रज सत्तेविरुद्ध आणि सावकारीविरुद्ध त्यांनी सह्याद्रीच्या या भागात बंड उभारलं. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. तो काळ ठासणीच्या बंदुकीचा होता. राजूरच्या डोंगरात काय आणि इंग्रजांच्या पलटणीत काय, बंदूक तोंडाकडूनच भरली जायची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची आणि मग बार काढायचा. त्याच वर्षी तिकडे कॅनडात सोळा-सतरा वर्षांचा ली घड्याळाचं काम शिकण्याच्या वयात होता.

ठासणीच्या बंदुकीत वेळ फार जायचा. भरायला उभं राहावं लागायचं, म्हणजे शत्रूला आयतं लक्ष्य. पण तिचा एक फायदा होता. नळीचं मागचं टोक कायमचं बंद असायचं. तिथे आट्यांची जाड धातूची डाट घट्ट बसवलेली असायची. त्यामुळे मागून धूर, वायू किंवा आग थेट तोंडावर येण्याची भीती कमी.

मग मागून भरायच्या बंदुका आल्या. गोळी, दारू आणि पेटवणारी टोपी हे तिन्ही पितळी पुंगळीत एकत्र आलं आणि आजचं काडतूस तयार झालं. काडतूस मागून सरकवायचं, मागचं दार लावायचं, घोडा दाबायचा. वेळ वाचला, सैनिकाला आडवं पडूनही गोळीबार करता येऊ लागला.

पण एक नवा प्रश्न उभा राहिला. मागचं दार आता उघडझाप करणारं होतं. ते किती घट्ट लागतं? काडतूस आणि दार यांच्यात किती जागा उरते? बार झाल्यावर .३०३ सारख्या रायफलीत आतला दाब चौरस इंचाला १५ टनांच्याही वर जातो. तो दाब पुढे गोळीला ढकलतो, तसाच मागे दारावरही येतो. दारामागे थेट सैनिकाचा गाल असतो.

लीच्या पिढीतले बंदूक बनवणारे या एका प्रश्नाशी झगडत होते.

मापाचा वाद आणि बुडालेला सौदा

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. सैन्याकडे ठासणीच्या स्प्रिंगफिल्ड बंदुका ढिगाने होत्या. त्या मागून भरता याव्यात अशी रचना लीने तयार केली. १८६२ मध्ये त्याला मागून भरायच्या बंदुकीचं पेटंट मिळालं.

१८६५ मध्ये त्याला सरकारकडून १,००० बंदुकांचं काम मिळालं. मिलवॉकी शहरात ‘ली फायर आर्म्स कंपनी’ उभी राहिली, भांडवल लागलं, कारागीर आले. घड्याळजीचा पोरगा आता कारखान्याचा माणूस झाला होता.

आणि तिथेच माशी शिंकली. कॅलिबर किती असायला हवं होतं, यावरून सैन्य आणि कंपनी यांच्यात वाद झाला. एका बाजूला आकडा होता ०.४२ इंच, दुसऱ्या बाजूला ०.४४ इंच. फरक इंचाच्या दोन शतांशाचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा. सैन्याने या बंदुका घ्यायला नकार दिला. युद्धही तोवर संपलेलं होतं, त्यामुळे सरकारला घाईही उरली नव्हती.

अर्ध्या मिलिमीटरने लीचा पहिला मोठा सौदा बुडवला. आज ऐकताना हा हास्यास्पद फरक वाटतो. पण मागून भरायच्या बंदुकीत काडतूस त्याच्या घरात नेमकं बसलं नाही, तर बाकीची सगळी कारागिरी वाया जाते. लीला हा धडा स्वतःच्या कंपनीची किंमत मोजून मिळाला.

गोळ्यांचा डबा

ली खचला नाही. १८७० च्या दशकात त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनच्या रेमिंग्टन कंपनीशी संबंध जोडले आणि नवनव्या रचना करत राहिला. त्याच काळात सगळ्या जगाला एक नवा ध्यास लागला होता. एकदा भरली की अनेक गोळ्या झाडता येतील, अशी रायफल हवी होती.

त्यावर तेव्हा प्रचलित उपाय होता नळीच्या खाली आणखी एक नळी लावायचा. त्यात काडतुसं एकामागे एक रांगेत बसायची. यात धोका असा, की एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या मागच्या टोपीला टेकायचं. टोकदार गोळी असेल आणि जोराचा धक्का बसला, तर आतच बार व्हायची भीती. शिवाय गोळ्या संपत जातील तसा बंदुकीचा तोल बदलायचा.

लीने काडतुसं एकामागे एक लावण्याऐवजी एकावर एक रचली. पत्र्याचा एक डबा, त्यात खालून वर ढकलणारी स्प्रिंग आणि हा डबा बरोबर बोल्टच्या खाली. बोल्ट मागे ओढला की स्प्रिंग वरचं काडतूस वर ढकलते, बोल्ट पुढे केला की ते नळीत जातं. डबा काढून दुसरा लावता येतो. १८७९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला या रचनेचं अमेरिकन पेटंट मिळालं.

आज जगातल्या जवळपास प्रत्येक सैनिकी रायफलीला खाली जे मॅगझिन लटकलेलं दिसतं, त्याच्या पूर्वजांमध्ये लीचा हा डबा मोडतो.

पण नशीब पुन्हा आडवं आलं. अमेरिकन नौदलाची छोटी ऑर्डर ब्रिजपोर्टच्या शार्प्स रायफल कंपनीकडे गेली आणि काम अर्धवट असतानाच ती कंपनी बंद पडली. पुढे रेमिंग्टनने काम हाती घेतलं. ज्या देशात ली राहत होता, त्या देशाच्या भूदलाने त्याची रायफल मुख्य शस्त्र म्हणून कधीच स्वीकारली नाही.

लंडनने हात दिला

ब्रिटिश सैन्याकडे त्या काळी मार्टिनी-हेन्री ही रायफल होती. दणकट, पण प्रत्येक बारानंतर नवं काडतूस हाताने भरावं लागायचं. १८८० च्या दशकात ब्रिटिशांनी वेगवेगळ्या मॅगझिन रायफलींच्या चाचण्या घेतल्या. बऱ्याच वर्षांच्या परीक्षेनंतर लीचा बोल्ट आणि लीचा डबा निवडला गेला. डिसेंबर १८८८ मध्ये .३०३ कॅलिबरची नवी रायफल मंजूर झाली.

नळीच्या आतल्या खाचा मात्र दुसऱ्याच्या होत्या. विल्यम एलिस मेटफर्ड या इंग्रज इंजिनिअरने त्या आखल्या होत्या. हा मेटफर्ड १८५७ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीसाठी भारतात आला होता आणि उठावाच्या धामधुमीत बिहारमधल्या मुंगेरला होता. या दोघांच्या नावावरून रायफल झाली ली-मेटफर्ड.

मेटफर्डच्या खाचा उथळ आणि गोलसर होत्या. काळ्या दारूची काजळी साचू नये म्हणून त्या तशा केल्या होत्या. पण थोड्याच वर्षांत काळ्या दारूची जागा कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूने घेतली. कॉर्डाइट फार गरम जळायचं आणि उथळ खाचा झिजून जायच्या. म्हणून एनफिल्डच्या कारखान्याने पाच खोल, चौकोनी खाचांची नवी नळी तयार केली. १८९५ मध्ये मेटफर्डचं नाव गेलं आणि ‘ली-एनफिल्ड’ हे नाव आलं. नळी बदलली, दारू बदलली, पण लीचा बोल्ट तसाच राहिला.

नव्या रायफलीलाही मापाने एकदा दगा दिलाच. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात काही तुकड्यांच्या लक्षात आलं, की नव्या ली-एनफिल्ड उजवीकडे मारतात. ५०० यार्डांवर गोळी सुमारे १८ इंच बाजूला जायची. पुढच्या नेमबिंदूची जागा जराशी चुकली होती. ती सुधारावी लागली.

हेडस्पेस म्हणजे नेमकं काय?

लीच्या बोल्टने सैन्यांना इतकी वर्षं का धरून ठेवलं, याचं उत्तर ‘हेडस्पेस’ या शब्दात आहे.

.३०३ च्या काडतुसाच्या बुडाला एक कडा असते, टिकलीसारखी बाहेर आलेली. काडतूस नळीत सरकवलं की ही कडा नळीच्या मागच्या तोंडाला अडते. त्यामुळे काडतूस आणखी आत जात नाही. मागून बोल्ट येऊन बंद होतो. कडा जिथे अडते ती जागा आणि बोल्टचा पुढचा चेहरा, यांच्यातलं अंतर म्हणजे हेडस्पेस. थोडक्यात, काडतुसाच्या कडेला बसायला मिळालेली जागा.

ही जागा फार कमी असेल तर बोल्ट बंदच होणार नाही, किंवा जोर लावावा लागेल. फार जास्त असेल तर खरा धोका.

बार झाला की पितळी पुंगळी फुगते आणि तिचा पुढचा भाग नळीच्या भिंतीला घट्ट चिकटतो. बुडाचा जाड भाग मात्र मागे ढकलला जातो, बोल्टला टेकेपर्यंत. मध्ये फट जास्त असेल, तर पुढचा भाग पकडलेला आणि मागचा भाग सरकलेला, अशी पुंगळीची ओढाताण होते. पितळ ताणलं जातं. बुडाच्या जरा वर ते पातळ होतं आणि कधी कधी तिथेच फाटतं. मग गरम वायू पुढे न जाता मागे येतो आणि चेहऱ्यावर फुटतो. नशीब चांगलं असेल तरी बूड बाहेर येतं, बाकीची पुंगळी नळीत अडकते आणि ऐन लढाईत रायफल निकामी होते.

लीच्या बोल्टमध्ये याला आणखी एक पदर होता. बोल्ट अडकवणारे कान त्याने मागच्या बाजूला ठेवले होते. त्यामुळे बोल्टचा प्रवास लहान झाला, हात झपकन चालू लागला आणि चिखल-मातीतही रायफल कमी अडायची. पण कान मागे असल्याने बार होताना बोल्टची पूर्ण लांबी दाब सोसते आणि पोलाद किंचित दबतं-ताणतं. कान पुढे असलेल्या जर्मन माउझरमध्ये हे कमी होतं. म्हणजे ली-एनफिल्डमध्ये वेग होता, पण हेडस्पेसवर डोळा ठेवावाच लागायचा.

दोष ओळखायचा कसा?

शस्त्रागारातल्या आर्मररकडे दोन तऱ्हेच्या खुणा असतात. एक पुंगळीवर, दुसरी मापावर.

झाडलेल्या पुंगळीवर बुडाच्या थोडं वर चकचकीत वर्तुळ दिसलं, तर पितळ तिथे ताणलं गेलं आहे असा संशय घ्यायचा. वाकवलेली बारीक तार पुंगळीच्या आतून फिरवली आणि त्याच जागी खड्डा लागला, तर संशय पक्का. पुंगळीला तडा गेला असेल किंवा बूड सुटून आलं असेल, तर ती रायफल लगेच बाजूला काढायची.

इथे एक गफलत होते. ली-एनफिल्डच्या नळीत काडतुसाचा खांदा जिथे येतो, तिथली जागा मुद्दाम ऐसपैस ठेवलेली असते, म्हणजे मळलेलं काडतूसही बसावं. त्यामुळे झाडलेल्या पुंगळीचा खांदा नव्या पुंगळीपेक्षा पुढे गेलेला दिसतो. तो या रायफलीत हेडस्पेसचा दोष नव्हे. .३०३ चं माप कडेपाशीच घ्यायचं.

त्यासाठी पोलादी गेज असतात. पहिला गेज ०.०६४ इंचाचा, म्हणजे सुमारे १.६३ मिलिमीटर. याच्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे. दुसरा ०.०७४ इंचाचा, म्हणजे सुमारे १.८८ मिलिमीटर. याच्यावर बोल्ट बंद होता कामा नये. दोन्हींतला फरक पाव मिलिमीटर, म्हणजे वहीची दोन-तीन पानं एकावर एक ठेवली तर होते तेवढी जाडी.

रायफल रिकामी आहे याची खात्री करायची. नळीचं घर आणि बोल्टचा चेहरा पुसून स्वच्छ करायचा, कारण वाळूचा एक कण किंवा ग्रीसचा थर माप चुकवतो. पुंगळी बाहेर ओढणारा आकडा मध्ये येणार नाही हे बघायचं. मग गेज ठेवून बोल्ट बोटाच्या हलक्या दाबाने बंद करायचा. तळहाताने रेटला, तर लीवरासारखा जोर लागून बोल्ट चुकीच्या गेजवरही बंद होऊ शकतो आणि आजारी रायफल निरोगी ठरते. उलट अर्थ लावणंही चूक. मोठ्या गेजवर बोल्ट बंद झाला म्हणजे रायफल पुढच्या गोळीला फुटणारच असं नाही, पण ती वापरातून काढून तपासायची, हा नियम.

आणि दुरुस्ती?

बऱ्याच रायफलींमध्ये बोल्ट हा एकसंध तुकडा असतो. हेडस्पेस वाढला की बोल्ट बदला, नाहीतर नळी काढून पुन्हा बसवा. दोन्ही कामं कारखान्याची.

ली-एनफिल्डच्या बोल्टचं डोकं मात्र वेगळं असतं. आट्यांचं. फिरवलं की निघतं आणि दुसरं बसतं. कान, दस्ता, नळी कशालाही हात न लावता फक्त डोकं जरा लांब बसवलं, की बोल्टचा चेहरा तेवढा पुढे येतो आणि फट कमी होते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने ‘नंबर ४’ हा ली-एनफिल्डचा प्रकार मोठ्या प्रमाणावर बनवला, तेव्हा या सोयीला सरळ क्रमांकच दिले. ०, १, २ आणि ३. क्रमांक वाढेल तसं डोकं किंचित लांब. १ नंबरचं डोकं मोठ्या गेजवर नापास झालं तर २ नंबरचं लावून बघायचं, नाही जमलं तर ३. नवं डोकं बसवल्यावर दोन्ही गेज पुन्हा लावायचे, कारण फार लांब डोकं बसवलं तर छोट्या गेजवर बोल्ट बंद होणार नाही. ३ नंबरनेही भागलं नाही, तर झीज डोक्याची नाही हे उघड. कान किंवा त्यांची बैठक घासली असणार. मग रायफल मोठ्या कार्यशाळेत जाते किंवा बाद होते.

अनेकदा तर झीजही नसते. साफसफाईच्या वेळी दहा रायफलींचे बोल्ट एका टेबलावर काढून ठेवले आणि परत लावताना अदलाबदल झाली, एवढंच कारण पुरतं. म्हणून बोल्टच्या मुठीवर आणि रायफलीच्या अंगावर एकच नंबर कोरलेला असतो. नंबर जुळतो का, हा चांगल्या आर्मररचा पहिला प्रश्न.

शिकण्याची गोष्ट ही, की या रचनेत सगळ्या रायफली तंतोतंत एकसारख्या निघतील असं गृहीत धरलेलं नाही. लाखोंच्या संख्येने माल निघाला की थोडा फरक राहणार, वापराने झीज होणार, हे मानून तो फरक शोधायची आणि भरून काढायची सोय केलेली आहे.

ली गेला, रायफल राहिली

१८९० च्या दशकात लीने अमेरिकन नौदलासाठी आणखी एक रायफल बनवली. तिचा बोल्ट न फिरवता सरळ मागे ओढायचा आणि गोळी फक्त ६ मिलिमीटरची होती. विंचेस्टर कंपनीने ती तयार केली, १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात ती वापरली गेली, पण फार काळ टिकली नाही. अमेरिकेत त्याच्या वाट्याला आलेलं यश हे असं तोकडंच राहिलं.

१९०२ च्या अखेरीस ब्रिटिशांनी ली-एनफिल्डची नळी आखूड करून पायदळ आणि घोडदळ दोघांनाही चालेल अशी एकच रायफल मंजूर केली. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातल्या शॉर्ट बीच इथे जेम्स पॅरिस लीचं निधन झालं. तो ७२ वर्षांचा होता. त्याची रायफल दोन महायुद्धांत लढली, ते बघायला तो नव्हता.

पहिल्या महायुद्धात पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कूतच्या वेढ्यात ही डिव्हिजन अडकली आणि एप्रिल १९१६ मध्ये तिला शरण जावं लागलं. त्या वाळवंटात, वाळूने भरलेल्या बोल्टशी झगडणाऱ्या मराठी शिपायांच्या हातात लीच्याच वंशाची रायफल होती.

दुसऱ्या महायुद्धात नंबर ४ रायफल इंग्लंडसोबत कॅनडातही बनली. तो कारखाना होता टोरांटोजवळच्या लाँग ब्रँचला, म्हणजे ज्या ओंटारिओत लीने पिस्तुलाच्या नळीपासून पहिली फसलेली बंदूक बनवली, त्याच प्रांतात. सगळे प्रकार धरले तर ली-एनफिल्ड रायफलींची संख्या १ कोटीच्या खूप पुढे जाते.

भारतात ही रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनू लागली. तिची काडतुसं बनवण्यात आपल्या खडकीचा मोठा वाटा. १८६९ मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून .३०३ ची काडतुसं निघायची आणि त्यांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं उमटवलेली असायची. ‘किर्की फॅक्टरी’, म्हणजे खडकीचा कारखाना. जगभरच्या जुन्या काडतुसांच्या संग्रहांत ही अक्षरं आजही ओळखली जातात.

१९६० च्या दशकात ईशापूरने याच रायफलीचा ७.६२ मिलिमीटरचा प्रकार काढला. त्या काडतुसाला बाहेर आलेली कडा नसते. ते खांद्यावर अडतं. म्हणजे रायफलीचा सांगाडा लीचाच, पण हेडस्पेस मोजायची जागा कडेवरून खांद्यावर गेली. .३०३ चा गेज तिथे चालत नाही, वेगळा लागतो.

निरोप

सैन्याने नव्या रायफली घेतल्या तशी थ्री नॉट थ्री पोलिसांकडे, होमगार्डकडे, प्रशिक्षण केंद्रांकडे सरकली. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर तिच्यावर खूप टीका झाली आणि ती रास्तच होती. एकेक गोळी हाताने नळीत ढकलणारी रायफल सलग मारा करणाऱ्या एके-४७ पुढे उभी करणं हा त्या शिपायांवर अन्याय होता. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी उत्तर प्रदेश पोलिसांनी परेडमध्ये तिला समारंभाने निरोप दिला.

पण तो दोष काळाचा आणि तिला बदलायला उशीर करणाऱ्यांचा. लीच्या बोल्टचा नव्हे. १८७९ मध्ये कागदावर उतरलेली रचना एकविसाव्या शतकापर्यंत चालली, ती कोणत्याही चमत्काराने नाही. काळी दारू गेली, कॉर्डाइट आलं, मेटफर्डच्या खाचा गेल्या, नळी आखूड झाली, तरी प्रत्येक पिढीतल्या आर्मररला दोन गेज आणि एका पेटीतली वेगवेगळ्या लांबीची डोकी एवढ्या सामानावर ती रायफल तपासता आली, सुधारता आली आणि शिपायाच्या हातात पुन्हा देता आली.

आता कुठे संग्रहालयात किंवा पोलीस परेडमध्ये थ्री नॉट थ्री दिसली, तर बोल्टच्या मुठीवरचा नंबर जरूर बघा. तो रायफलीच्या अंगावरच्या नंबरशी जुळत असेल, तर समजा तिच्या शंभर वर्षांच्या प्रवासात कुणीतरी तिची नीट काळजी घेतलेली आहे.